पाच दिवसांची स्मूदी एकदम करून ठेवायची आहे, नेमकं काय चुकतंय?

पहाटवारा

रविवारी रात्री स्मूदी करून शुक्रवार सकाळपर्यंत पुरवायची, असा बेत आहे. पण मंगळवारीच ती पिववत नाही. प्रमाण आणि पद्धत देतो, चूक कुठे आहे ते सांगा.

सव्वा लिटरसाठी: ३ पिकलेली केळी, १ सफरचंद सालासकट, २ मुठी कच्चा पालक, २ किवी, २५० ग्रॅम दही, २ मोठे चमचे चिया आणि बाकी पाणी. सगळं खोलीच्या तापमानाचं. मिक्सरला जोरात तीन मिनिटं फिरवायचं. मग दोन लिटरच्या झाकणाच्या जगमध्ये ओतून जग फ्रीजच्या दारात ठेवायचा आणि रोज त्यातूनच पेलाभर काढून घ्यायचा.

होतं असं:

१. सोमवारी सकाळी वरचा थर तपकिरी, आत हिरवट. मंगळवारी सगळीच चिखलाच्या रंगाची.
२. वर फेस आणि चोथा, खाली पाणी.
३. मंगळवारपासून चव कडवट. केळी, सफरचंद, दही यातलं काहीच मुळात कडू नव्हतं.
४. बुधवारी खीर झालेली आणि झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज. वास मात्र वाईट नाही.

बुधवारची प्यायला हरकत आहे का? लिंबू पिळल्याने दिवस वाढतात का? आणि हवा काढून घेणाऱ्या बरण्या मिळतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का?

थर्मामीटर

आधी चौथा मुद्दा घेतो. बाकीचे तीन रंगाचे नि चवीचे आहेत, हा पोटाचा आहे.

‘फुस्स’ म्हणजे यीस्टने फळातली साखर खायला सुरुवात केली आणि कार्बन डायऑक्साइड तयार झाला. स्मूदी आंबतेय. फेकून द्या. झाकण फुगलं असेल तर तोंडापासून लांब धरून, मोरीत उघडा. वास चांगला आहे यावर विसंबू नका. यीस्ट, बुरशी, आंबवणारे जंतू हे वास देतात, फसफसतात, आपली वर्दी देतात. जुलाब-उलट्यांना कारणीभूत होणारे बरेचसे जंतू वास, रंग, चव यातलं काहीच बदलत नाहीत.

आता हे बुधवारीच का झालं? तुमच्या पद्धतीत चार गोष्टी एकमेकींना मदत करताहेत.

पहिली म्हणजे सुरुवातच कोमट. खोलीच्या तापमानाच्या वस्तू, त्यात तीन मिनिटं पातं फिरलं की घर्षणाने मिश्रण आणखी तापतं. दुसरी, सव्वा लिटरचा एकच गोळा. स्मूदी घट्ट असल्यामुळे ती आतल्या आत ढवळली जात नाही आणि मधला भाग गार व्हायला कित्येक तास लागतात. फ्रीजमध्ये ठेवली म्हणजे लगेच गार झाली असं नसतं. तिसरी, दार. फ्रीजमधली सगळ्यात उबदार जागा तीच, शिवाय प्रत्येक उघडझाकीला बाहेरची हवा खाणारी. चौथी, तोच जग रोज बाहेर काढणं आणि उघडणं.

आकडे लक्षात ठेवायचे ते हे: स्मूदी ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिली पाहिजे. ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. या पट्ट्यात एकूण दोन तासांहून जास्त वेळ गेला तर ती टाकायची, बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. हा वेळ बेरजेने मोजायचा. सकाळची वीस मिनिटं, दुपारची अर्धा तास, प्रवासातला एक तास, सगळं एकाच खात्यात.

फ्रीजच्या बटणावरचे १ ते ५ हे आकडे अंश नसतात. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो पेला रात्रभर मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. हवेचं तापमान दर उघडझाकीला नाचतं, पाण्याचं नाचत नाही. त्यामुळे अन्नाला काय मिळतंय ते पाण्यातच कळतं. मग तोच प्रयोग दारात करून बघा, फरक दिसेल.

दुरुस्ती अशी. सगळे जिन्नस आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये. निम्मी फळं गोठवलेली असतील तर उत्तमच, मग बर्फ टाकून पातळ करायची गरज नाही. फिरवायचं जास्तीत जास्त एक मिनिट. लगेच २५० ते ३०० मिलीच्या छोट्या बाटल्यांत भरून झाकणं लावायची. मिश्रण कोमट वाटलं तर बाटल्या गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात १५-२० मिनिटं उभ्या ठेवायच्या, अधूनमधून गोल हलवायच्या, मग फ्रीजच्या आतल्या फळीवर मागे. एका वेळी एकच बाटली उघडायची आणि संपवायची. बाटलीला तोंड लावून निम्मी पिऊन उरलेली परत ठेवायची नाही. तोंडातले जंतू आत गेले की पुढचा हिशोब चुकलाच.

किती दिवस? बेरी, संत्रं, अननस अशा आंबट फळांची, दूध-दही नसलेली स्मूदी ४८ तास. फ्रीज खरोखर ४ अंशांवर असेल आणि सगळं स्वच्छ असेल तर ७२ तासांपर्यंत ताणता येईल, त्यापुढे नाही. दूध, दही, पालेभाजी, काकडी, खरबूज असेल तर २४ तास धरा, ४८ ही शेवटची हद्द. घरात गर्भवती, फार वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कोणी असेल तर त्यांच्यासाठी केलेली त्याच दिवशी संपवा. लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढत राहतो.

लिंबाबद्दल: त्याने आम्लता वाढते आणि काही जंतूंची वाढ मंदावते, पण जंतू मरत नाहीत. १९९६ साली अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ या घातक जंतूची साथ आली होती, आणि सफरचंदाचा रस चांगला आंबट असतो. चमचाभर लिंबू पिळून पालक-दह्याच्या स्मूदीचे दिवस वाढत नाहीत. रंगासाठी लिंबू घाला, सुरक्षिततेसाठी थंडी.

थोडक्यात रविवार ते शुक्रवार हा बेत फ्रीजमध्ये जमणारच नाही. फ्रीझर वापरावा लागेल.

सालपट

थर्मामीटर यांनी पोटाचं सांगितलं, मी पहिले तीन मुद्दे घेतो.

रंग. केळं आणि सफरचंद या दोघांत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाईम भरपूर असतं. अख्ख्या फळात ते एका कप्प्यात आणि ज्यांच्यावर ते काम करतं ती पॉलिफिनॉलं दुसऱ्या कप्प्यात. पातं फिरलं की कप्पे फुटतात, वर मिक्सर हवा घुसळून आत मिसळतो. एन्झाईम, पॉलिफिनॉल, प्राणवायू हे तिघं भेटले की तपकिरी रंग ठरलेलाच. तीन मिनिटं फिरवून तुम्ही ही भेट आणखी निवांत घडवून आणता. दोन लिटरच्या जगमध्ये पाऊण लिटर जागा रिकामी ठेवता तेव्हा वर हवेचा साठाही देता.

उपाय दोन, आणि ते वेगवेगळं काम करतात. लिंबाची आम्लता एन्झाईमची गती कमी करते. क जीवनसत्त्व सुरू झालेली प्रक्रिया उलटी फिरवतं, पण असं करताना स्वतः खर्च होत जातं. ते संपलं की रंग बदलायला लागतो. म्हणून ‘काल ठीक होती, आज एकदम काळवंडली’ असं वाटतं. लिंबात दोन्ही थोडं थोडं असतं. अर्धा लिटरला १ मोठा चमचा, म्हणजे १५ मिली रस पुरतो. तो भांड्यात सगळ्यात आधी घाला आणि केळं कापून थेट त्यात टाका. शेवटी वरून पिळलात तर निम्मं नुकसान झालेलं असतं. आंबटपणा नको असेल तर ५०० मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची साधी गोळी पूड करून लिटरभर स्मूदीला घाला. पाण्यात टाकल्यावर फसफसणारी गोळी घेऊ नका, तिने फेस होतो आणि चवही बिघडते.

बाटली काठोकाठ भरा. काठापर्यंत येत नसेल तर छोटी बाटली घ्या. रुंद तोंडाची बरणी असेल तर प्लास्टिकची पातळ फिल्म स्मूदीच्या पृष्ठभागाला चिकटवून मग झाकण लावा.

आता पालकाची गंमत. लिंबाने केळं वाचतं आणि पालक मरतो. आम्लात क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि पोपटी हिरव्याचा मळकट शेवाळी होतो. पालक, केळं आणि लिंबू एकत्र असलेली स्मूदी दुसऱ्या दिवशी देखणी दिसणं जवळजवळ अशक्य आहे. एक तर ब्लूबेरीसारखं गडद फळ घालून रंग झाकून टाका, नाही तर हिरवी स्मूदी ठेवायचा नादच सोडा, ती ताजीच प्या. शेवाळी रंग अपायकारक नाही, फक्त डोळ्यांना पटत नाही.

जाता जाता केळ्याबद्दल आणखी एक. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला. केळं घातलेली स्मूदी पिणाऱ्यांच्या शरीरात फ्लॅव्हनॉलची (बेरी, कोको यांतलं एक प्रकारचं पॉलिफिनॉल) पातळी, नुसती फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल घेणाऱ्यांच्या तुलनेत ८४ टक्क्यांनी कमी आढळली. कारण हेच एन्झाईम. केळ्यात दुसऱ्या चांगल्या गोष्टी आहेतच, पण बेरी किंवा कोको मुद्दाम त्यातल्या फ्लॅव्हनॉलसाठी घालत असाल तर त्यात केळं नको. घट्टपणासाठी आंबा, दही किंवा ओट्स घ्या.

थर. हे नासणं नाही. हवेचे बुडबुडे चोथ्याला धरून वर चढतात, खाली पाणी उरतं. सुरुवातीला कमी वेगावर तुकडे मोडा, मग जास्त वेगावर ४५ सेकंद. भांडं दोन मिनिटं स्वस्थ ठेवा, ओट्यावर हलकेच आपटा, वरचा फेस चमच्याने काढून टाका आणि मगच बाटलीत ओता. पाणी कमी घाला. एवढ्याने नाही भागलं तर झँथन गम (घट्टपणा आणणारी पूड) अर्धा लिटरला लहान चमच्याचा आठवा भाग, पातं फिरत असताना वरून भुरभुरवून. एकदम टाकलात तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात, त्या मग सुटत नाहीत.

काठोकाठ भरलेली बाटली हलवून काही उपयोग नसतो, आत जागाच नसते. पेल्यात ओतून चमच्याने ढवळा.

कडवटपणा. हा किवीचा प्रताप. ताज्या किवीत ॲक्टिनिडिन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाईम असतं. ते दह्यातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे कडू लागतात. करून लगेच प्यायलात तर कळत नाही, रात्रभरात मात्र कळतं. ताजा अननस आणि पपई दूध-दह्याबरोबर असंच वागतात. फळ गोठवून हे थांबत नाही, एन्झाईम फक्त झोपतं आणि वितळल्यावर उठतं. उष्णतेने मरतं, म्हणून डब्यातल्या अननसाने कडू होत नाही. किवी ठेवायची असेल तर दही सकाळी घाला, नाही तर उलट.

खीर. चिया स्वतःच्या वजनाच्या दहापट तरी पाणी धरतो. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाव लिटर पाणी त्याने गिळलं. जवसाची पूड आणि ओट्स यांचंही थोड्याफार फरकाने हेच. पिण्याच्या दहा मिनिटं आधी घाला.

पहाटवारा

दोघांचेही आभार. पेल्याचा प्रयोग आजच लावला आहे. म्हणजे आता फ्रीझर. मग तयार स्मूदी गोठवू की फळं गोठवून रोज सकाळी फिरवू? काचेच्या बरण्या फ्रीझरमध्ये तडकतात असं ऐकलंय, म्हणून तो मार्ग टाळत होतो.

बर्फाचा खडा

माझं मत स्पष्ट आहे: फळांच्या पिशव्या गोठवा, तयार स्मूदी ही दुसरी पसंती. गोठताना फळाच्या पेशी फुटतात, त्यामुळे वितळलेल्या स्मूदीला पाणी सुटतं आणि दही दाणेदार होतं. पिशवीतल्या फळांच्याही पेशी फुटतात, पण ती तुम्ही गोठलेलीच फिरवता, म्हणून फुटल्याचा काही तोटा दिसत नाही.

एका पिशवीत एका माणसाचं: फळं १८० ते २०० ग्रॅम, पाला ३० ग्रॅम. फळं अख्खी असतानाच धुवा आणि पूर्ण कोरडी करा. ओलं फळ गोठलं की एकच दगड होतो. सफरचंद-आंब्याचे २ सेंटिमीटरचे तुकडे, केळ्याच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या. सफरचंद आणि केळं लिंबाच्या पाण्यातून काढा. थाळीत एकमेकांना न चिकटतील असे एका थरात पसरून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि टणक झाले की पिशवीत भरा. हा मधला टप्पा बऱ्याच जणांना फालतू वाटतो. तो गाळला की सकाळी सहा वाजता गोठलेली पिशवी ओट्यावर आपटत बसावं लागतं.

पालक दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, घट्ट पिळून छोट्या गोळ्या करून गोठवला तर रंग बराच टिकतो आणि जागाही कमी लागते. कच्चा गोठवलात तरी चालेल, पण तो महिन्याभरात संपवा.

भरायचा क्रम उलटा ठेवा: कडक फळं तळाशी, पाला सगळ्यात वर. पिशवी मिक्सरच्या भांड्यावर उलटी केलीत की पाला आधी पडतो आणि पात्याजवळ पातळात जातो. हवा दाबून काढा, पिशवी आडवी ठेवून सपाट करा, २ सेंटिमीटर जाडी. सपाट पिशवी लवकर गोठते, बर्फाचे कण बारीक राहतात आणि पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात. पण गोठेपर्यंत एकावर एक रचू नका, मधल्या पिशव्या मागे पडतात. उणे १८ अंशांवर तीन महिने चव चांगली राहते. त्यानंतर ती बाधते असं नाही, फक्त फ्रीझरचा वास लागतो आणि कडा कोरड्या पडतात.

सकाळी: आधी २०० मिली पातळ भांड्यात, म्हणजे पाणी, दूध किंवा पातळ केलेलं दही. मग पिशवी. घरचा मिक्सर साधा असेल तर पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या आणि मग थांबत थांबत फिरवा. पातं नुसतं गरगरतंय, आवाज पातळ झालाय आणि वरचं हलत नाहीये, असं झालं तर पात्याभोवती हवेची पोकळी झाली आहे. तसंच रेटत राहिलात तर मोटर तापते. बंद करा, चमच्याने ढकला, दोन चमचे पातळ घाला, परत लावा.

तयार स्मूदीच गोठवायची असेल तर सोपा मार्ग म्हणजे बर्फाचा ट्रे. वड्या गोठल्या की पिशवीत काढा. पाहिजे तेवढ्या घेऊन थोड्या दुधात फिरवल्या की दोन मिनिटांत तयार.

काचेचं म्हणाल तर दोष काचेपेक्षा आकाराचा. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो. खांदा असलेल्या, म्हणजे वर निमुळत्या होणाऱ्या बरणीत फुगणारा बर्फ खांद्याला अडतो आणि तिथेच तडा जातो. सरळ भिंतीची, रुंद तोंडाची, फ्रीझरला चालते असं लिहिलेली बरणी घ्या. अर्धा लिटरला वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा. फ्रीजमध्ये काठोकाठ, फ्रीझरमध्ये जागा सोडून, ही अदलाबदल होऊ देऊ नका. झाकण पूर्ण गोठेपर्यंत सैल, नंतर घट्ट. गोठलेली बरणी गरम पाण्याखाली कधीच धरू नका.

वितळवणं फ्रीजमध्येच. ३०० मिलीची बाटली दहा-बारा तास घेते, रात्री अकराला काढली तर सकाळी सातला मध्ये गोळा राहील. वितळल्यावर २४ तासांत संपवा. ओट्यावर वितळवू नका, बाहेरचा भाग उबदार होतो तेव्हा मधला अजून बर्फच असतो. गोठवल्याने जंतू थांबतात, बहुतेक मरत नाहीत.

याच कारणाने विकतच्या गोठवलेल्या बेरींबद्दल सावध राहा. त्यांच्यातून हिपॅटायटिस ए आणि नोरोव्हायरस पसरल्याच्या घटना झालेल्या आहेत, आणि थंडीत हे विषाणू छान टिकतात. ‘न शिजवता खाण्यास योग्य’ असं पाकिटावर नसेल तर बेरी मिनिटभर उकळून, गार करून मग वापरा.

गाळणी

हवा काढणाऱ्या बरण्यांचा प्रश्न राहिलाच. रंगासाठी उपयोग आहे, सुरक्षिततेसाठी नाही. प्राणवायू कमी झाला की काळवंडणं मंदावतं. पण पोट बिघडवणारे बरेच जंतू प्राणवायूशिवायही वाढतात, यीस्टही हवेविना मजेत आंबवतं. त्यामुळे हवा काढलेली बरणी पाच दिवस चालते ही समजूत काढून टाका. हवा काढून ती फ्रीजबाहेर ठेवणं तर उघड्या पेल्यापेक्षाही वाईट. आणि स्मूदी उकळून बरणीबंद करायचा प्रयोग घरी अजिबात नको. केळं, पालक, दूध यांची आम्लता पुरेशी नसते, तिथे बोट्युलिझमची, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेची भीती असते.

हातपंपाच्या बरण्यांचा एक त्रास कोणी सांगत नाही. हवा ओढली की आत मुरलेले बुडबुडे फुगतात, स्मूदी फेसाळून वर चढते आणि झाकणाच्या झडपेत शिरते. मग झडप चिकटते आणि आतून कुबट होते. सालपट यांनी सांगितलेली काठोकाठ भरलेली छोटी बाटली ऐंशी टक्के काम फुकटात करते. बरणी घेतलीच असेल तर फेस आधी काढा आणि वर तीन बोटं जागा ठेवा.

यापेक्षा जास्त लक्ष धुण्याकडे द्या. एवढं करूनही स्मूदी दोन दिवसांत आंबत असेल तर संशय दोनच ठिकाणी घ्यायचा: पात्याखालची रबरी रिंग आणि बाटलीच्या झाकणातली सिलिकॉनची रिंग. भांडं साबणाच्या पाण्यात फिरवून घेतलं की वरून लखलखीत दिसतं, पण रिंगेखाली कालच्या केळ्याचा चिकट थर तसाच असतो. नवी स्मूदी त्याच्यावरून ओतली जाते. पात्याचा भाग खोलून काढता येत असेल तर दर वेळी काढा. झाकणातली रिंग चमच्याच्या बोथट दांड्याने उचकटा, सुरी लावलीत तर रिंग कापेल. बोटाने चोळून बघा, बुळबुळीत लागली तर ती स्वच्छ नाही. गरम साबणपाणी, बारीक ब्रश, भरपूर पाणी, आणि पूर्ण वाळेपर्यंत झाकण लावायचं नाही. ओली बाटली बंद करून ठेवली की दुसऱ्या दिवशी कोंदट वास ठरलेला.

रोज धुताना साबण पुरे. आठवड्यातून एकदा हवं तर ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून त्यात भांडी मिनिटभर बुडवा आणि वाळवा. त्या पाण्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही सफाईचं द्रव्य कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. ओरखडे पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या काढून टाका, ओरखड्यात ब्रश पोचत नाही.

आणि मोड आलेली कडधान्यं कच्ची, न तापवलेलं दूध किंवा कच्चं अंडं साठवायच्या स्मूदीत नको. ताज्यातही नको असं मी म्हणेन, पण तो वेगळा धागा होईल.

पहाटवारा

पेल्याचा निकाल: आतल्या फळीवर ५ अंश, दारात ९. बटण एका आकड्याने पुढे केलंय. शेवटचे दोन प्रश्न. सकाळी साडेसातला निघून अकराला प्यायची असेल तर थर्मासमध्ये चालेल का? आणि यातलीच थोडी दहा महिन्यांच्या बाळाला देता येईल का?

थर्मामीटर

दारातले ९ अंशच बुधवारच्या ‘फुस्स’ला पुरेसे होते. बटण फिरवल्यावर चोवीस तासांनी परत वाचा. ३ आला तर तिथेच थांबा. अजून पुढे नेलंत तर मागच्या बाजूच्या पालेभाज्या गोठतील.

थर्मास चालेल, पण तो गार करत नाही, आहे ते टिकवतो. निघायच्या आधी दहा मिनिटं त्यात बर्फाचं पाणी भरून ठेवा, ओतून टाका आणि लगेच स्मूदी भरा. कोरड्या उबदार थर्मासच्या आतल्या भिंतीच पहिल्या पाच मिनिटांत स्मूदीचे दोन-तीन अंश वाढवतात. पूर्ण भरा, अर्धवट भरलेला लवकर तापतो. वर बर्फाचा खडा यांच्या ट्रेमधल्या तीन-चार वड्या टाका, बर्फाने चव पातळ होते, वड्यांनी होत नाही. पहिल्या दिवशी अकरा वाजता थर्मामीटर बुडवून बघा. ४ किंवा खाली असेल तर तुमच्या थर्मासवर भरवसा ठेवा. वर असेल तर किती वाजता ४ ओलांडला हे कळायला मार्ग नाही, म्हणून अशा थर्मासला निघाल्यापासून दोन तासच द्या. साधी बाटली नेत असाल तर उष्णतारोधक पिशवीत दोन गोठवलेले जेल पॅक, बाटलीच्या दोन्ही अंगांना चिकटून. तळाशी एकच ठेवून भागत नाही. धुताना थर्मासच्या टोपीतली रिंग विसरू नका, गाळणी यांनी सांगितलेलं तिथेही लागू.

बाळाला साठवलेली हिरवी स्मूदी नको. पालकात नायट्रेट असतं. पाला वाटून ठेवला की जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने कमी होते. बाळासाठी फळं ताजी वाटून लगेच द्या, उरलेलं टाका. त्यात मध घालू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याही स्वरूपात नाही, तिथेही बोट्युलिझमचाच धोका.

सालपट

तुमच्याच प्रमाणाचं दुरुस्त रूप देतो. रविवारी: पाच पिशव्या, प्रत्येकीत पाऊण केळं, पाव सफरचंद, मूठभर ब्लूबेरी, पालकाची एक गोळी. रोज सकाळी: भांड्यात आधी ५० ग्रॅम दही, १५० मिली पाणी, लहान चमचाभर लिंबू, त्यावर पिशवी, एक मिनिट. किवी अर्धी हवी तर ताजी कापून त्याच वेळी. चिया पेल्यात वरून.

बर्फाचा खडा

बरोबर. मंगळवारची घाईची सकाळ असेल तर सोमवारी रात्री फिरवून ठेवली तरी चालेल, मात्र किवी वगळून. आणि पिशवीवर तारीख फळं भरायच्या आधी लिहा. गार, ओलसर प्लास्टिकवर मार्कर धरत नाही.